कुजबुजणारं घर

पडदे शिवणारीच्या घरात माणसं चालत नसत, तरंगत. खुर्च्यांच्या पायांना जाड कापड गुंडाळलेलं, खिडक्यांना तिनेच शिवलेले दुहेरी पडदे, आणि नवरा तर असा तयार झालेला की शिंक आली की उशीत तोंड खुपसायचा. महिन्यातले निम्मे दिवस तिचं डोकं दुखे. हवा पाण्यासारखी जड होई, दिव्याभोवती चमचमती नागमोडी रेघ फिरत राही. तेही तिने सोसलं असतं. पण सहा वर्षांची लेक आता शाळेतही कुजबुजूनच बोलायला लागली होती. हिला बोलता नीट येतं ना, असं बाईंनी विचारलं तेव्हा आईच्या काळजाचं पाणी झालं.

म्हणून ती दवाखान्यातल्या अर्धशिशीच्या वर्गाला गेली, वर्ग कसला डोंबलाचा, असं मनात म्हणतच. नर्सने विचारलं, दुखायच्या आधी काय काय होतं? कुणाची मान आखडे, कुणी उगाच चिडे, कुणाला जांभया येत. जांभईचं नाव निघालं मात्र, निम्मा वर्ग जांभया द्यायला लागला, नर्सलाही आवरेना. मग नर्सने सांगितलं की हीच दुखण्याची सुरुवात असते. ते काही तास आधीच आत येऊन बसलेलं असतं, तेव्हा साधा आवाजही खुपतो, आणि आपण आवाजालाच दोष देतो. दर वेळी दोष त्याचा नसतो.

परतताना रस्ता झोपेतल्यासारखा मागे सरकत राहिला. "हळू गं, डोकं उठेल माझं," हे आपण किती वेळा म्हटलं, ते आठवून तिला स्वतःचाच संताप आला.

घरी तिने लेकीला मांडीवर घेऊन सगळं समजावलं. पोरीने ऐकून घेतलं आणि कानाशी तोंड नेलं.

"पण माझ्या हातून ताट पडलं होतं ना? मग तू झोपलीस ती उठलीच नाहीस."

"त्या दिवशी मी सकाळपासून जांभया देत होते. ताट पडायच्या आधीच ते सुरू झालं होतं. तुझ्यामुळे नाही, बाळा."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"मलाच ठाऊक नव्हतं गं."

लेकीने असं भोकाड पसरलं की शेजारच्यांनी दार उघडून पाहिलं. नवरा तोंडावर बोट ठेवून धावत आला. पडदे शिवणारीचं डोकं ठणकत होतं. तिने त्याचं बोट धरून खाली केलं.

"रडू दे तिला," ती म्हणाली.