माझ्या काचेवरचा नकाशा

मित्रांनो, मी एक जुना टॅब आहे. माझ्या काचेचा एक कोपरा तडकलेला आहे, पाठीवर ओरखडे आहेत आणि चार्जरची वायर तिरकी धरून ठेवली तरच माझ्या पोटात दोन घास जातात. या कशाची मला लाज वाटत नाही. म्हातारपण कुणाला चुकलंय? मला लाज वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. आठवलं की माझा पडदा काळा पडतो आणि घरातल्यांना वाटतं, बॅटरी संपली.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे शेवटच्या टेबलाशी एक बाई बसायची. ती प्रत्येक टॅबच्या काचेवर दोन बोटं टेकवून फाकवायची. चित्र मोठं झालं की मान हलवून आम्हाला पुढे ढकलायची. मोठं झालं नाही की बाजूला काढायची. मी पहिल्याच फटक्यात पास झालो. बोटं फाकली की चित्र मोठं, बोटं जवळ आली की चित्र लहान. कोण, का, कशासाठी, हे विचारायचं नाही, एवढंच माझं शिक्षण.

पुढे मला एका दातांच्या डॉक्टरणीने घेतलं. तिथे माझी चांगलीच चलती होती. ती रोग्याच्या दाढेचा फोटो माझ्यावर उघडायची आणि दोन बोटांनी ती कीड एवढी मोठी करून दाखवायची की तोंड उघडायला तयार नसलेला माणूस निमूटपणे खुर्चीत जाऊन बसायचा. ‘हा टॅब म्हणजे माझा उजवा हात आहे,’ असं ती सगळ्यांना सांगायची. मी हुरळून गेलो होतो. मग माझ्याहून मोठा, पातळ आणि चकचकीत टॅब आला आणि माझी रवानगी खणात झाली. खणात माझ्या शेजारी कुणाकुणाच्या जबड्यांचे प्लॅस्टरचे साचे होते. दिवसभर ते दात विचकून माझ्याकडे बघायचे. मी मनात म्हणायचो, हसा लेको, हसा.

एक दिवस तिने मला बाहेर काढलं, पुसलं आणि आपल्या वडिलांच्या घरी नेलं.

वडील एकटेच राहत. कारखान्यात ओतकामासाठी लाकडी साचे करण्यात त्यांचा जन्म गेला होता. निवृत्त झाल्यावर ते शिडाच्या छोट्या होड्या करत. तळ्यावर त्यांच्यासारख्या हौशी लोकांचं एक मंडळ होतं. सुट्टीच्या सकाळी सगळे आपापल्या होड्या पाण्यात सोडत आणि काठावरून लहान मुलांसारखे ओरडत. मंडळात त्यांना ‘सूतभर’ म्हणत. सूत म्हणजे सुतारांचं अगदी बारीक माप. कुणाचीही होडी हातात घेतली की हे एक डोळा मिटून म्हणायचे, ‘छान आहे, पण डावीकडे सूतभर जास्त आहे हं.’ आणि ती खरोखरच सूतभर जास्त असायची. लोक चिडायचे, पण नवी होडी आधी त्यांनाच दाखवायचे.

या छंदाचं एक मासिक होतं. त्याच्या प्रत्येक अंकात घडी घातलेला मोठा नकाशा यायचा आणि त्याच्या तळाशी छापलेलं असायचं, ‘नकाशा पूर्ण आकाराचा आहे. मापे थेट यावरूनच घ्यावीत.’ सूतभर वर्षानुवर्षं तसंच करत आले होते. नकाशा पसरायचा, दोन टोकांचं कर्कटक त्यावर टेकवायचं आणि तेच उचलून लाकडावर ठेवायचं. आकडा नाही, हिशेब नाही. त्यांची सगळ्यात आवडती होडी होती ‘टिटवी’. लेक लहान असताना त्यांनी ती केली होती आणि एका वादळात ती तळ्यात गडप झाली होती. तिच्या नकाशाचा अंक कुणीतरी वाचायला म्हणून नेला होता. मासिक वाचायला नेणारी माणसं पुन्हा भेटतात, मासिक भेटत नाही.

आता ते मासिक छापणं बंद झालं होतं, पण पहिल्यापासूनचे सगळे अंक इंटरनेटवर ठेवलेले होते. लेकीने ते माझ्यावर उघडून दिले. ‘हे घ्या बाबा. तुमचं अख्खं कपाट यात आहे, आणि हे कुणी उसनं नेणार नाही.’

मित्रांनो, ते दिवस मी विसरणार नाही. सूतभर सकाळी चष्मा पुसायच्या मऊ फडक्याने आधी मला पुसत, मग चष्मा. एका बोटाने पानं सरकवत जुने अंक उघडत, जुन्या सरसाच्या जाहिराती मोठ्याने वाचत, वाचकांच्या पत्रांमधली भांडणं वाचून खो खो हसत. एका अंकात त्यांचा स्वतःचा फोटो निघाला, डोक्यावर भरपूर केस आणि हातात होडी. तो त्यांनी दूधवाल्यालासुद्धा दाखवला. उपयोगी पडण्यासारखं दुसरं सुख नाही.

मग टिटवीचा अंक सापडला. नकाशाच्या कोपऱ्यात छापलेली मापपट्टी होती. लेकीने वडिलांची पोलादी पट्टी माझ्या काचेवर ठेवली आणि दोन बोटांनी चित्र सरकवत सरकवत छापील पट्टी खऱ्या पट्टीशी तंतोतंत जुळवली. तेव्हा ते आतल्या खोलीत कर्कटक शोधत होते. बाहेर आल्यावर ती म्हणाली, ‘झालं बाबा. आता अगदी कागदासारखं आहे.’ त्यांनी पट्टी ठेवून पाहिली. जुळली. त्यांचा विश्वास बसला, आणि ती घाईघाईने दवाखान्यात गेली.

आता नीट ऐका. घडीचा नकाशा टेबलावर पसरला की त्याची कड वर उचलते, म्हणून तो दाबून धरावा लागतो. सूतभरांच्या डाव्या हाताची दोन बोटं, अंगठा आणि त्याच्या शेजारचं, वर्षानुवर्षं आपोआप नकाशावर जाऊन बसत. उजव्या हातात कर्कटक, डाव्या हाताने कागद घट्ट. माझी काच कुठे उचलली जातेय? पण सवय ती सवय. माप घ्यायला वाकले की त्यांची दोन बोटं माझ्यावर येत, आणि जोर दिला की किंचित फाकत.

आणि मी? मी शिकवल्याप्रमाणे वागलो. चित्र किंचित मोठं केलं. पुढचं माप घेताना बोटं जवळ आली, तर किंचित लहान केलं. कधी सूतभर, कधी दोन सूत. कर्कटकाच्या टोकाकडे डोळा लावून वाकलेल्या माणसाला एवढा फरक दिसत नाही. लाकडाला मात्र तो कळतो.

होडीच्या सांगाड्याला बरगड्या असतात, आणि त्यांच्यावर बारीक फळ्या वाकवून बसवतात. सूतभरांनी सगळ्या बरगड्या कापल्या, कण्यावर उभ्या केल्या आणि पहिली फळी लावली. फळी एका बरगडीवर टेकली, तर दुसरीपासून लांब राहिली. तिसरीवर तिला पोट आलं. त्यांनी कपाळावर चष्मा चढवून बघितलं, खाली घेऊन बघितलं. मग बरगड्या काढल्या आणि पुन्हा नकाशावरून मापं घेतली. काल घेतलेलं माप आज जुळेना. त्यांना वाटलं, काल आपण चुकलो. पुन्हा कापल्या. पुन्हा तेच. छापलेली रेघ जागची हलत नाही, हा त्यांचा जन्माचा विश्वास. मग हललं असेल तर काय हललं असेल? माणसाचा हातच ना?

एका दुपारी ते खिडकीपाशी गेले, दोन्ही हात समोर धरले आणि कितीतरी वेळ बघत राहिले. मी टेबलावरून ते पाहत होतो. माझ्याकडे बोलायला स्पीकर आहे, पण स्वतःचं बोलायला तोंड नाही. माझ्यात कुठे जीव असेल तर तो त्या दुपारी शरमेने अर्धा झाला.

त्यांनी लेकीला फोन केला. ‘हात गेले गं माझे,’ एवढंच म्हणाले.

ती आली. तिने त्यांचे हात हातात घेऊन पाहिले. घाबरलेल्या माणसाचे हात थोडे थरथरतातच, ते थरथरत होते. ती मायेने म्हणाली, ‘वय झालं की होतं बाबा थोडंफार. मनाला लावून घेऊ नका.’ मनाला लावून घेऊ नका म्हटल्यावर कुणी न घेता राहिलंय का कधी?

बातमी मंडळात पोचली. आता सगळे त्यांच्याशी हळू आवाजात बोलू लागले. तळ्यावर त्यांच्यासाठी सावलीत खुर्ची ठेवू लागले. होडी मात्र कुणी दाखवायला आणेना. एकदा त्यांनी स्वतःच एकाची होडी मागून घेतली, डोळा मिटला, तोंड उघडलं आणि काही न बोलता ती परत दिली. घरी आल्यावर ते मला म्हणाले, ‘ज्याचा हात चुकतो त्याने दुसऱ्याचं माप काढू नये.’ मला म्हणजे रिकाम्या खोलीला म्हणाले असतील, पण खोलीत मीच होतो.

शेवटी त्यांनी ठरवलं, हत्यारं देऊन टाकायची. रंधे, पटाश्या, कानशी, केसासारख्या पात्याची करवत, सगळं लाकडी पेटीत भरलं. मंडळातला त्यांचा जुना दोस्त घड्याळं दुरुस्त करायचा, तो सकाळी येऊन पेटी नेणार होता. त्या सकाळी लेकही आली. हत्यारांशिवाय वडील घरात एकटे नकोत, असं तिला वाटलं असावं.

‘बाबा, नक्की द्यायचीत का?’

‘मग काय लोणचं घालू? हे बघ.’ त्यांनी मला पुढे ओढलं, टिटवीचं पान उघडलं आणि आपली एक बरगडी माझ्या काचेवर ठेवली. ‘ही नकाशातली, ही माझी. बघ केवढा फरक. आंधळ्यालाही दिसेल.’

असं म्हणताना ते वाकले आणि सवयीने त्यांची डाव्या हाताची दोन बोटं माझ्यावर येऊन बसली. मी चित्र मोठं केलं. लेक ते बघत होती. हजारो दाढा अशाच मोठ्या करून दाखवलेली बाई ती. तिचा चेहराच उतरला.

‘बाबा, बोटं उचला.’

‘का?’

‘उचला ना. आणि पट्टी द्या तुमची.’

तिने पोलादी पट्टी नकाशातल्या मापपट्टीवर ठेवली. जुळली नाही. तिने दोन बोटं टेकवून त्यांच्यासमोर चित्र लहान करून दाखवलं, मग मोठं. टिटवीची बरगडी फुगली, आक्रसली, पुन्हा फुगली. मित्रांनो, उघडं पडणं म्हणजे काय ते मला त्या क्षणी समजलं.

‘माझंच चुकलं,’ ती म्हणाली. ‘कागदासारखं आहे म्हणाले मी. सांगायला हवं होतं. आणि वर तुमचे हात बघून वयाचं बोलले.’ तिला रडू आलं.

ते खाली बसले. ‘म्हणजे हात...’

‘हात ठणठणीत आहेत बाबा.’

मला वाटलं, आता ते हसतील. पण त्यांचा चेहरा लालबुंद झाला. ‘जन्मभर मापं घेतली,’ ते पुटपुटले, ‘आणि शेवटी फुगणाऱ्या नकाशावर कर्कटक लावलं! लहान पोराला समजतं ते मला समजू नये? हे कुणाला सांगायचं नाही. कळलं? हात गेले म्हणून लोक निदान हळहळतात तरी. हे ऐकलं तर तळ्यावर तोंड दाखवायला जागा राहणार नाही.’

‘अहो, पण मग हत्यारं?’

‘जाऊ देत हत्यारं.’

तेवढ्यात दार वाजलं. घड्याळवाले काका आत आले. आजाऱ्याच्या घरी येतात तसे, चपला न वाजवता. पेटीकडे बघून त्यांनी सूतभरांच्या खांद्यावर हात ठेवला आणि खालच्या आवाजात म्हणाले, ‘काळजी करू नकोस. तुझी आठवण म्हणून जपून ठेवीन.’ मग दोन्ही हातांनी पेटी उचलली.

आठवण म्हणून! सूतभरांनी मान वर केली. दोस्त पेटी घेऊन दाराकडे वळला.

‘अरे, थांब,’ सूतभर म्हणाले. ‘माझे हात गेलेले नाहीत. माझी अक्कल गेली होती.’

आणि त्यांनी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. दोन बोटं कशी टेकली तेही माझ्यावर करून दाखवलं. घड्याळवाल्या काकांचे गाल फुगले, खांदे हलायला लागले आणि ते पेटीसकट भिंतीला टेकून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. ‘सूतभर! फुगत्या नकाशावर! अरे, तळ्यावर सांगितलं तर माणसं पाण्यात पडतील!’

सूतभरांचे कान लाल झाले होते. पण किती महिन्यांनी कुणीतरी त्यांच्यासमोर आवाज न दाबता बोलत होतं.

‘हस लेका, हस,’ ते म्हणाले. ‘पण आधी पेटी खाली ठेव.’

टिटवी आता पुन्हा आकार घेते आहे. लेकीने नकाशा दुकानातून खऱ्या मापात कागदावर छापून आणला आणि त्यावर आधी पोलादी पट्टी ठेवली. मी शेजारच्या फळीवर असतो. जुने अंक वाचायला ते मला अजून घेतात, फडक्याने पुसतातसुद्धा. त्यांनी मला कधीच दोष दिला नाही. त्यामुळेच माझी लाज काही केल्या जात नाही.

मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तू तुम्ही आपल्या वडीलधाऱ्यांना हौसेने देता. जरूर द्या. पण दवाखान्यात जायची घाई असली तरी थोडा वेळ त्यांच्या शेजारी बसा, आम्ही काय करतो आणि कसे फसवतो ते दोन्ही दाखवा. आणि तुमच्या घरातलं कुणी एखाद्या दिवशी खिडकीपाशी उभं राहून आपले हात निरखताना दिसलं, तर त्यांचं वय मोजू नका. त्या हातांत आपण काय दिलं होतं, ते आधी तपासा.