पोटझाकणीचं लुगडं

"ओवी पुरी होऊ दे. तोवर हात चोळत राहायचे."

वेणूबाईच्या अंगणातल्या दगडावर केसर हात धूत होती आणि आजीचा तो आवाज, दहा वर्षांपूर्वीचा, जसाच्या तसा कानाशी आला. ती आपसूक गुणगुणू लागली.

भरतीचं गं पाणी, चढे खाडीच्या पायरी,
माझ्या बाळाची गं होडी, लागो सुखाच्या बंदरी.

आजी म्हणजे सोनाबाई नर्स. नवरा गेल्यावर दोन लहानग्या मुलांना दिराच्या घरी ठेवून ती मुंबईला गेली, प्लेगच्या इस्पितळात पडेल ते काम करत शिकली आणि पुढं बावीस वर्षं अलिबागच्या दवाखान्यात राहिली. गावोगावच्या सुईणी तिच्याकडे शिकायला येत. बाळंतिणीला शिवण्याआधी साबणानं हात किती वेळ धुवायचे, हे त्यांना मिनिटांत सांगून उपयोग नव्हता. घड्याळ होतं ते डॉक्टरांच्या खिशात. म्हणून आजीनं ही ओवी रचली. ती तीनदा म्हणायची, सावकाश, शेवटच्या अक्षरापर्यंत. मधेच कुणी हात पुसायला पदर धरला की आजी म्हणे, "होडी बुडवलीस गो. धर पुन्हा पहिल्यापासून."

पेन्शन घेऊन ती गावी आली, तरी तिच्या ओटीवरची वर्दळ थांबली नाही. कुणाचं बोट कापलेलं, कुणाचं मूल अंगावर ओढत नसलेलं. भादव्यात ती गेली तेव्हा खाडीपलीकडच्या मोहल्ल्यातल्या बायकाही अंगणात येऊन बसल्या. जहुरा डोळे पुसत केसरला सांगत राहिली की माझी पाचही पोरं अल्लानं दिली, पण पहिली चापट मारून त्यांना रडवलं ते तुझ्या आजीनं; आणि ती चापट अजून एकालाही पुरलेली नाही. बसलेल्या बायका रडता रडता हसल्या.

आजीनं केसरला सगळं सांगितलं होतं. एकच गोष्ट ती बरोबर घेऊन गेली.

सतरा वर्षांमागं, मानमोडीच्या तापात घरटी माणूस जात होतं तेव्हा केसरचा जन्म झाला आणि तिसऱ्या दिवशी आई गेली. आजी रजा काढून धावत आली. त्यानंतर चाळीस दिवस कुणा बाईनं केसरला अंगावर पाजलं, म्हणून ती जगली. मग शेळीचं दूध पचू लागलं. इतकंच आजी सांगे. त्या बाईचं नाव विचारलं की म्हणे, "तिनं शब्द घेतलाय माझा. दिलेला शब्द आपला राहत नाही, केसर."

आता मार्गशीर्षात केसरचं लग्न होतं. आजीचं वर्ष पुरं व्हायच्या आत उरकायचं, असं बापानं मुंबईहून कळवलं होतं. नवऱ्याकडून पोटझाकणीचं लुगडं यायचं होतं. मुलगी दुसऱ्या घरी गेली की आईचं पोट उघडं पडतं, ते झाकायचं, म्हणून हे लुगडं आईला नेसवतात. आई नसेल तर कुणाला, ते मुलीकडच्यांनी सांगायचं. उद्या म्हसळ्याहून पाहुणे तेच विचारायला येणार होते. केसरची चुलती ठमाबाई हिनं हिरवा रंग सांगूनही ठेवला होता, आणि त्यात तिचं काही चुकलं नव्हतं. केसर रांगत असताना ती लग्न होऊन घरात आली, आणि तेव्हापासून केसरची वेणी तिनंच घातली होती. पण पाजणारीचं नाव न कळताच ते लुगडं कुणाच्या अंगावर पडावं, हे केसरच्या मनाला लागून राहिलं होतं. तिनं जहुराला विचारून पाहिलं. जहुरा म्हणाली, मी कसली गो, मी तर तेव्हा तापात पडून माझीच कबर बघत होते. आणखी तिघींना विचारलं. त्यांतलीही कुणी नव्हती.

आजीच्या मागं तिच्या दुखणेकऱ्यांकडे आठवड्यातून एकदा जायचं, एवढं केसरनं धरलं होतं. त्यात वेणूबाईचा गुडघा होता. वेणूबाईचा नवरा हिरामण मिठागरावर जाई, मूलबाळ नव्हतं, आणि तिच्या जिभेला सगळी आळी बिचकून असे. केसरची कोंबडी कुंपणातून आत गेली तर ती पाय बांधून परत पाठवी, वर निरोप देई की नर्सबाईच्या नातीला कोंबडी राखता येत न्हाय, ती संसार काय राखणार.

केसर हात झटकून ओटीवर आली. तेलाची बाटली उघडताच कापराचा वास दरवळला. वेणूबाईनं पाय लांब केला.

"दोनदाच म्हटलंस," ती म्हणाली.

"काय?"

"ओवी. तीनदा म्हणायची असते."

केसरचा तेलाचा हात तसाच राहिला. ती ओवी सुईणींना ठाऊक होती, आणि ज्यांच्या मांडीवर मूल होतं त्यांना. वेणूबाईच्या घरात पाळणा कुणी पाहिलेला नव्हता.

"आत्या, तुम्हांला कुणी शिकवली?"

वेणूबाईनं कुंपणाकडे पाहिलं. भात कापून झालेलं होतं. शेतांत नुसते खुंट उभे होते, त्यात बगळे.

"चोळ," ती म्हणाली. "थांबू नको."

केसर चोळू लागली आणि वेणूबाई बोलू लागली. त्याच मानमोडीत तिचंही मूल गेलं होतं, आठ दिवसांचं. मूल गेलं, दूध जाईना. छाती दगडासारखी झाली, ताप भरला. नर्सबाई आली. तिनं आपले हात धुतले, वेणूबाईला धुवायला लावले, तीन वेळा ओवी म्हणवून घेतली आणि मग पदराखालून एक मूल काढलं.

"मी म्हटलं, न्हाय. माझ्या पोराच्या वाटचं हाय ते."

आजी मूल मांडीवर घेऊन उंबऱ्याशी बसून राहिली. दुपार झाली. मुलाचं रडणं बारीक होत होत कण्हण्यावर आलं. तेव्हा आजी म्हणाली, हिच्यासाठी नको पाजूस, वेणू. तुझ्या छातीतल्या गाठी मोकळ्या व्हायला हव्यात, नाहीतर चिरावं लागेल. औषध म्हणून लाव हिला.

"औषध म्हणून लावलं," वेणूबाई म्हणाली. "चाळीस दिवस. भिंतीकडे तोंड करून. आणि तुझ्या आजीकडून शब्द घेतला. लोक म्हटले असते, एक गेलं नि हिनं लगेच दुसरं छातीला लावलं."

केसरनं तेल घेतलं, पुन्हा बाटलीत ओतलं, थोडं ओटीवर सांडलं.

"लुगडं तुमचं आहे, आत्या."

"ठमीला दे. हगणं-मुतणं तिनं काढलं तुझं. मी औषध घेतलं, दुसरं काय केलं?"

"मी उद्या पाहुण्यांना तुमचं नाव सांगते."

"आन् मी नेसून मिरवू? आता, ह्या वयात?" ती हसल्यासारखी झाली. "ठमीला हिरवं शोभंल. तिचा जीव हाय त्यात. मोडू नको."

त्यात आर्जव नव्हतं आणि रागही नव्हता. केसरला आजीचा उंबऱ्याशी बसलेला आकार दिसला. वाद न घालता, मूल मांडीवर घेऊन. तिनं मान हलवली. "बरं," ती म्हणाली, "काकीलाच देते." तिनं गुडघ्यावर फडकं बांधलं, बाटलीला बूच लावलं, वाकून वेणूबाईच्या पायांना हात लावला. वेणूबाईनं पाय ओढून घेतले नाहीत.

केसर अंगण ओलांडून कुंपणाच्या बेड्याशी, आडव्या बांबूंच्या फाटकाशी, पोचली.

"ए."

ती वळली. वेणूबाई खांबाला धरून उभी राहिली होती. दुखऱ्या पायावर सगळा भार.

"भिंतीकडे तोंड करून म्हटलं ना मी. ते खोटं हाय. दोन दिवस केलं तसं. मग बघायला लागले."

केसर परत आली आणि पायरीवर बसली. वेणूबाई उभीच राहिली.

"माझ्या पोराचं बारसं झालं न्हवतं. पण मी मनात नाव ठेवलं होतं. ह्यांना न्हाय सांगितलं, तुझ्या आजीलापण न्हाय. कोण न्हाय बघून त्या नावानं मी तुला हाक मारायची. तू प्यायचं सोडून माझ्याकडं बघायचीस."

केसर नुसती वर बघत राहिली.

"रतन," वेणूबाई म्हणाली.