झिजलेल्या नोझलांची वही

इकडे दक्षिणेत, अंबत्तूरच्या आमच्या कारखान्यात एकच चिनी मशीन आहे. सर्किट बोर्डावर ते मोहरीपेक्षा लहान भाग उचलून बसवतं. उचलायचं काम त्याच्या नोझलचं. ही बोटाच्या पेराएवढी नळी, पंधरवड्यात झिजते. यंदा चीनने ती पाठवणं थांबवलं, आणि मशीन सांभाळणाऱ्या लिन नावाच्या इंजिनियरलाही माघारी बोलावलं. जाताना बिचारा माझ्याकडे बघतही नव्हता. भांडण दोन देशांचं, आणि कुलूप लागायची वेळ आमच्या शेडला.

ओरगडमच्या ट्रक कंपनीला शुक्रवारपर्यंत दोनशे नमुना-बोर्ड द्यायचे होते. नाही दिले, तर वर्षभराची ऑर्डर गेली आणि अकरा बायकांची नोकरीही. त्यांतली सगळ्यांत जुनी वाणीअक्का, मशीन चालवणारी. तिला हे सांगायची माझी हिंमत होत नव्हती.

माझे वडील गुरुमूर्तीराव यांनी चाळीस वर्षं लेथवर काढली. त्यांना एक खोड आहे. कारखान्यातली कुठलीही वस्तू फेकायच्या आधी ते मोजतात, वहीत तिची आकृती काढतात, मगच फेकतात. लिन नव्या नोझलला कुणाला हात लावू देत नसे, पण त्याने टाकलेली प्रत्येक नोझल अप्पांच्या वहीत गेली. कचऱ्याची चित्रं काढून काय मिळतं, असं मी त्यांना शंभरदा चिडवलं असेल.

मंगळवारी अप्पांनी वही उघडली आणि शेवटच्या आकृतीवरून नोझल बनवली. मशीन सुरू केलं, तर दहांतले सहा भाग वाटेतच गळून पडले.

माझं डोकंच फिरलं. "अप्पा, तुम्ही झिजलेलीच मापं घेतलीत. झिजलेलीच नोझल तयार झाली."

लेथवर जन्म काढलेल्या माणसाने अशी चूक करावी. पण अप्पा ओशाळले नाहीत. चष्मा पुसून त्यांनी वहीची मागची पानं काढली. एकूण चौदा आकृत्या, प्रत्येकीखाली नोझल बसवल्याची आणि काढल्याची तारीख.

"ही नऊ दिवस चालली, ही सोळा, ही एकवीस," ते म्हणाले. "रोज किती झिजते ते कळ्ळं, की पहिल्या दिवशी केवढी होती तेही कळतं. अस्कं, पहिलीपासून शेवटचीपर्यंत, वहीत आहे. तू सुम्मा, कारण नसता, ओरडूनको."

मी कॅल्क्युलेटर घेऊन त्यांच्या शेजारी बसले. बुधवारभर लेथ चालला. गुरुवारी दुपारी वाणीअक्काने नवी नोझल बसवली आणि हजार भाग होईपर्यंत जागची हलली नाही.

"सार, एक पण पडलं नाही," ती अप्पांना म्हणाली आणि पदराने डोळे टिपले. मला माझ्या बापाचा फार अभिमान वाटला. चिडवल्याची लाजही वाटली, तीही सांगून टाकते.

शुक्रवारी बोर्ड गेले. त्यांच्यासोबत कंपनीचा नवा सुरक्षा-फॉर्म भरायचा होता: मशीनचा कुठला भाग कुठल्या देशातून आला, कुणी पुरवला. नोझलपुढे मी लिहिलं, भारत. पुरवठादाराच्या रकान्यात लिहिलं, गुरुमूर्तीराव.

अप्पांनी फॉर्म हातात घेऊन नीट वाचला.

"शेडचा नंबरही घाल," ते म्हणाले. "या कंपनीला माल देणारे आपल्यासारखे आणखी किती जण नोझलसाठी अडले असतील. त्यांना पत्ता मिळायला हवा."