ताऱ्याच्या अंगणातली

ग्रह शोधणाऱ्या त्या कचेरीत दर हंगामाला एक खोटा ग्रह पेरला जायचा, आणि तोही सगळ्यांच्या संमतीनं.

आकाशात सोडलेल्या दुर्बिणीकडून हजारो ताऱ्यांचा उजेड आकड्यांच्या रूपात खाली यायचा. एखाद्या ताऱ्यासमोरून ग्रह सरकला की त्याचा उजेड किंचित मंदावतो. ते मंदावणं हुडकायचं, हेच तिथल्या माणसांचं काम. पण फार दिवस हुडकत बसलं की डोळ्यांना हवं तेच दिसू लागतं. म्हणून कुणीतरी एकानं त्या आकड्यांत गुपचूप एक बनावट सावली मिसळायची, अशी तिथली रीत होती. हंगाम संपला की प्रत्येकानं आपला एकच ग्रह छातीठोकपणे पुढे करायचा. खरा निघाला तर डोंगरावरच्या मोठ्या दुर्बिणीची पाळी मिळे. पेरलेला निघाला तर पाळी गेली, शिवाय पुढचा हंगामभर दुसऱ्यांच्या आकड्यांतला कचरा धूत बसायचं.

यंदा पेरणारी होती वहिनी. कचेरीतल्याच एकाची बायको, म्हणून ती सगळ्यांची वहिनी. चेहरा असा की एकवेळ दगडाला पाझर फुटेल, पण त्याला फुटायचा नाही.

धाकटी तिच्या टेबलाशी घुटमळली. "वहिनी, एवढं तरी सांगा, मोठा पेरलात की लहान?"

"सांगते की. गोल पेरलाय."

धाकटी हसली. गटात वयानं सगळ्यात लहान, म्हणून ती धाकटी. मागचे दोन्ही हंगाम तिचे रिकामे गेले होते. यंदा मात्र तिच्या पदरात एक सोडून दोन ग्रह पडले होते. पहिला मोठा, थंड, वायूचा गोळा. ताऱ्यापासून लांबून रमतगमत फिरणारा. दुसरा खडकाचा, लहानसा, ताऱ्याला इतका बिलगलेला की त्याचं वर्ष अर्ध्या दिवसात संपायचं. सकाळी नवं वर्ष, संध्याकाळी परत नवं वर्ष! तिथला खडक खडक राहतच नसणार, लाल रसाचे समुद्र होऊन उकळत असणार. धाकटीचा जीव जडला होता तो या दुसऱ्यावर. तिनं त्याचं नाव ठेवलं होतं तापट.

गटाचे प्रमुख, ज्यांना पाठीमागे सगळे थंडोबा म्हणत, त्यांनी पडद्यावर तापटची सावली पाहिली. काठ कसे रेखीव, फेरी कशी घड्याळाला लाजवणारी.

"फार देखणा आहे," ते म्हणाले. "इतका देखणा ग्रह आकाशात नसतो, वहिनीच्या डोक्यात असतो. तुझा तो थंड गोळा पुढे कर. साधा आहे, सुखात राहशील."

"लग्नाचं स्थळ सांगताय का, सर?" मागून कुणीतरी बोललं, आणि सगळी खोली खदखदली. धाकटीचे कान मात्र लाल झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, आपला ग्रह पुढे करायच्या दिवशीच, ती ताटातला घास नुसता चिवडत बसली. घरात ती आणि मावशी दोघीच. मावशी कपडे शिवायची, आणि यंत्राच्या तालावर तिच्या तोंडून ओळी आपोआप निघायच्या.

"काय गं, तुझा तो भट्टीतला ग्रह कसा आहे?"

"आहे. दगड वितळतात तिथं, मावशी."

"मग भाडं कमी असेल." मावशीनं दोरा दातानं तोडला. "आणि खोटा निघाला तर?"

"तर हंगामभर धुणी, दुसऱ्यांच्या आकड्यांची."

"आणि खरा असून तूच मागे सरलीस तर?"

धाकटीनं ताट बाजूला सारलं. मावशीनं शिवणयंत्राचं पायडल दाबलं, यंत्र धावू लागलं, आणि त्याच्या तालावर ती गुणगुणली:

*ताऱ्याच्या अंगणात कोण लेक ही खेळते,*
*पाय पोळती तरी बाई, फेर धरूनी पळते.*

कचेरीत पोचेपर्यंत त्या ओळी तिच्या पावलांत होत्या. खुर्चीत बसून तिनं तापटची सावली पुन्हा पडद्यावर आणली. सावली, सावली, सावली. सगळे सावलीच मोजतात. पण जो असा धगधगतो, तो नुसती सावली कशी पाडेल? तो स्वतः उजळायला हवा! तो ताऱ्यासमोर आला की उजेड कमी होतो, हे सगळ्यांना ठाऊक. मग तो ताऱ्यामागे लपला, तर त्याची स्वतःची धगही झाकली जाणार, आणि उजेड पुन्हा एकदा, अगदी कणभर, उतरणार.

तो कण एका फेरीत दिसणं शक्यच नव्हतं. पण तापटचं वर्ष केवढंसं! साऱ्या हंगामात त्याच्या फेऱ्याच फेऱ्या झाल्या होत्या. तिनं आधी मागच्या हंगामांतले उघड झालेले खोटे ग्रह काढून पाहिले. एकालाही धग नव्हती. पेरणाऱ्यांनी सावली तेवढी पेरली होती. मग तिनं तापटच्या सगळ्या फेऱ्या, गोधडीचे थर रचावेत तशा, एकावर एक रचल्या.

रेघ सपाट दिसत होती. आणखी थर. रेघ थरथरली. शेवटचा थर पडला आणि समोरच्या सावलीच्या बरोबर उलट बाजूला, नेमका जिथं ग्रह ताऱ्यामागे असणार तिथं, रेघेला एक बारीक खळी पडली.

धाकटीनं तोंडावर हात दाबला. आता एकच भीती उरली: वहिनी हुशार बाई, यंदा तिनं धगही पेरली असेल तर?

दुपारी सगळे मोठ्या टेबलाभोवती जमले. पाळी आली तशी धाकटी उठली.

"थंड गोळा ना?" थंडोबा म्हणाले.

"नाही सर. तापट."

"पोरी, विचार कर."

"केला." आवाज कापत होता, तरी ती थांबली नाही. तिनं ती खळी पडद्यावर मांडली. "ही त्याची धग आहे. सावली कुणीही पाडेल. पण हा मागे जातो तेव्हा आपला उजेड सोबत घेऊन जातो. माझा डाव याच्यावर."

सगळ्यांच्या माना वहिनीकडे वळल्या. वहिनीनं चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला. जीव खाल्ला तिनं सगळ्यांचा.

"धग पेरायचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं," ती म्हणाली. "मी एक मोठा, थंड, वायूचा गोळा पेरला होता. साधा. सुखात राहणारा."

क्षणभर कुणाला उमगलं नाही. मग थंडोबांचं तोंड उघडंच राहिलं, आणि एकच गलका उठला. कुणी टेबल बडवलं, कुणी शिट्टी मारली. वहिनीनं धाकटीला मिठीत घेऊन गदागदा हलवलं. "अगं बये, माझ्या नाकाखालून खरा हुडकलास! मला वाटलं, तू माझ्या गोळ्याला भुलणार."

"भुलवायला सर होते की," धाकटी म्हणाली, आणि सगळ्यांत मोठ्यानं थंडोबाच हसले.

हसता हसताच त्यांनी फोन उचलून डोंगरावरच्या माणसांना लावला आणि धाकटीपुढे धरला. "घे. पाळी तुझी आहे. दुर्बीण कुठं वळवायची ते तूच सांग."

पलीकडून कुणीतरी थकल्या आवाजात विचारलं, "हं, कुठला तारा?"

धाकटीनं खोल श्वास घेतला. पाठ ताठ केली. आणि ताऱ्याचा पत्ता ती एकेक आकडा करून असा खणखणीत सांगू लागली, की पलीकडचा माणूस म्हणाला, "बाई, ऐकू येतंय मला!" तरी तिनं आवाज खाली आणला नाही.