नदीपलीकडची लस

मुलीचा प्रबंध आफ्रिकेतल्या दोन शेजारी देशांवर होता. परदेशांकडून विकासासाठी आलेली मदत, चाळीस वर्षांत कुणाला किती मिळाली. विषय शोधायला तिला लांब जावं लागलं नाही. एक देश बाबांचा, दुसरा आईचा, मधे नदी.

तिने टेबलावर आलेख पसरला. निळी रेघ बाबांच्या देशाची, तांबडी आईच्या.

"बघ, आमची रेघ कशी ऐटीत चाललीय," तिचा निवृत्त ड्रायव्हर बाप बायकोला म्हणाला. नदीच्या नावाने एकमेकांना चिडवत दोघांनी अख्खा संसार केला होता.

"फुकटच्या पैशांवर कसली मिजास!" बायको शिलाई मशीनवरून मान वर न करता म्हणाली.

मुलीने एका जागी बोट ठेवलं. "इथे निळी एकदम वर गेलीय आणि तांबडी पार तळाला. आई, तुमच्याकडचं सरकार उलथलं, म्हणून देणाऱ्यांनी हात आखडता घेतला. त्या वर्षी काय झालं गं?"

मशीन थांबलं. "दवाखाना बंद पडला. मग गोवराची साथ आली. तुझा मामा त्यातच गेला."

 त्या वर्षी ड्रायव्हर आपल्या देशात मदतीतून आलेल्या लसीची गाडी चालवायचा. साहेबांना न विचारता त्याने नर्सबाईंना होडीत बसवलं, लस पलीकडे नेली, नोकरी घालवली. आणि तिथे रडक्या पोरांना मांडीवर धरून बसलेली एक मुलगी त्याच्या मनात भरली. ही गोष्ट लेकीने लहानपणी शंभरदा ऐकली होती. पण ती अर्धीच होती.

"मी होडीने लस घेऊन आलो, त्याच्या आठ दिवस आधीही नदीवर आलो होतो," तो म्हणाला.

बायकोने वळून पाहिलं.

"पेटीत लस उरली होती. होडीवाला सांगत होता, पलीकडे पोरं तापाने फणफणलीत. मी साहेबांना विचारलं. ते म्हणाले, ही मदत आपल्या देशापुरती आहे. मी गाडी वळवली. पेटीतला बर्फ वितळला, लस फेकून दिली. झोप उडाली, म्हणून पुढच्या खेपेला आलो. तुझा भाऊ तोवर..."

लेक आलेख गुंडाळू लागली, तशी आईने तिचा हात धरला.

"राहू दे."

ती उठून आत गेली. तो तिथेच बसून राहिला, शिक्षा ऐकायला थांबल्यासारखा. बऱ्याच वेळाने ती तोंड धुऊन आली आणि त्याच्या शेजारची खुर्ची ओढून बसली.

"इतकी वर्षं एकट्याने गिळून बसलात?"

"तू मला सोडून जाशील असं वाटायचं."

"तेव्हा सांगितलं असतंत तर गेलेही असते," ती म्हणाली. मग त्याच्या सदऱ्याची दुमडलेली कॉलर सरळ करत म्हणाली, "आता या वयात कुठे जाऊ? आणि आठ दिवसांनी आलात, तेव्हा आमच्या वाडीतली बाकीची पोरं वाचली. तेही माझ्या डोळ्यांसमोरच झालंय."

ड्रायव्हर लहान मुलासारखा रडला. तिने त्याला रडू दिलं.

"आई, हे प्रबंधात लिहू?" लेकीने हळूच विचारलं.

"लिही. तुझ्या मामाचं वयही घाल. चार पूर्ण झाली होती त्याला."