एका वेळी एकच पाय

पट्टी पुन्हा गळून पडली. नोर्माने ती फरशीवरून उचलली, चिकट बाजू उजेडाकडे धरून पाहिली, मग यूरानीच्या मांडीवरून एक बोट फिरवून नाकाशी नेलं.

"मास्तर, सकाळी मलम चोळलंत हिला?"

एलिएसेरने मान हलवली. चोळलं होतं म्हणजे काय, चांगलं जिरवून चोळलं होतं. पोरगी उजाडायच्या आत सायकल घेऊन खिंडीपर्यंत जाऊन आली होती, आणि परक्या ठिकाणी पाय दाखवायचे तर ते तसेच कसे न्यायचे? लग्नघरी निघताना आया पोरांच्या डोक्यावर तेल थापतात, तसं त्याने मेंढीच्या चरबीत निलगिरी कालवलेलं घरचं मलम तिच्या मांड्यांना आणि पोटऱ्यांना लावलं होतं. ती दोघं आत आल्यापासून साऱ्या दुकानाला त्याचाच वास येत होता.

"मग कशी चिकटेल पट्टी?" नोर्मा म्हणाली. "यंत्र घ्यायला आलात की त्याला पळवून लावायला?"

"पापांना विचारा," यूरानी म्हणाली. "यंत्र त्यांना हवंय. मला नकोच आहे."

नोर्मा हसत साबणाचं पाणी आणायला मागे गेली. एके काळी तीही सायकलच्या शर्यतीत उतरायची. तिचेही पाय एलिएसेरच्या हाताखालून गेले होते. दुइतामा गावात असे पाय पुष्कळ. सायकलवाल्यांची शीर आखडली, शेतकऱ्याचा खांदा निखळला, की माणसं अजूनही त्याच्याच दाराशी येत, आणि तो रुआना, म्हणजे अंगावरची लोकरी घोंगडी, खांद्यावरून मागे टाकून बाह्या सारी.

काउंटरवर दोन खोकी उघडी पडली होती. दोन्हींत तीच जात: अंगाला चिकटणाऱ्या पट्ट्या आणि त्यांवर टक्कन बसणाऱ्या काळ्या डब्या. वायर कुठेच नाही. पट्टी मांडीवर चिकटवायची, बटण दाबायचं, की डबीतून बारीक झटके जातात, मांडीचा गोळा आपोआप आवळतो नि सुटतो, आणि म्हणे थकवा निघून जातो. लहान खोक्यात दोन डब्या होत्या, मोठ्यात चार.

"माझं ऐकाल तर चारवालं न्या," मांडी पुसता पुसता नोर्मा म्हणाली. "दोन्ही पाय एकदम होतात. लावून घरभर हिंडा, सायकल पुसा, बटाटे सोला. दोनवालं नवशिक्यांसाठी. काम तेच करतं, पण एका वेळी एकच पाय."

"चारवालंच," एलिएसेर म्हणाला.

"दोनवालं," यूरानीही त्याच वेळी म्हणाली.

"पैशाचं तू बघू नकोस."

"पैशाचं कोण बघतंय? मला दोनवालं हवं."

"मघाशी तर यंत्रच नको होतं."

"नकोच आहे. पण घेणारच असाल तर दोनवालं."

"बापाचं डोकं घेतलंय पोरीने," एलिएसेर नोर्माला म्हणाला. "अक्कल तेवढी आईची असती तर बरं झालं असतं."

तो हे हसत म्हणाला खरा, पण त्याच्या मनात हसण्यासारखं काही नव्हतं. आजपासून या पायांना हात लावायचा नाही, असं त्याने ठरवलं होतं. सकाळी मलम एवढं जीव लावून चोळलं, ते त्यासाठीच. पोरीला त्याने हे सांगितलं नव्हतं. यंत्र घरात आलं की आपोआप कळेल, असा त्याचा हिशेब होता.

ती शाळेत होती तेव्हापासून त्यांचा हा नेम. बाहेरच्या खोलीत जुन्या दाराची फळी दोन लाकडी घोड्यांवर टाकून केलेलं टेबल होतं. शर्यत असो वा सराव, ती घरी आली की त्यावर पालथी पडायची आणि तो पाय चोळायचा. आणि पालथी पडली की ती बोलायची. समोरासमोर बसून ही पोरगी कधी धड दोन वाक्यं बोलली नाही. पण तोंड उशीत खुपसलेलं असलं की उतारावर कशी भीती वाटते, कोणता मुलगा मागे लागलाय, संघातल्या कुणाचं कुणाशी पटत नाही, सगळं बाहेर पडायचं. एलिएसेर ऐकायचा आणि चोळायचा. मधे फक्त हं म्हणायचा.

हे सगळं बिघडलं ते गेल्या शर्यतीत. तिसऱ्या दिवशी मोठ्या चढाच्या पायथ्याशी तो पाण्याची बाटली घेऊन रस्त्याकडेला उभा होता. ते काम तो वर्षानुवर्षं करत आला होता. बाटली मानेपाशी दोन बोटांत आणि अंगठ्यात हलकी धरायची, हात लांब करायचा, आणि भरधाव येणाऱ्या पोरीचा हात लागला की त्याच क्षणी सोडायची. आधी सोडली तर रस्त्यावर, उशिरा सोडली तर पोरगी रस्त्यावर. त्या दिवशी यूरानी आली, तिने हात पुढे केला, आणि बाटली गडगडत गटारात गेली. पाण्यावाचून ती चढाला लागली. अर्ध्यात पायांत गोळे आले आणि शर्यत सोडणाऱ्यांना उचलायला मागून येणाऱ्या गाडीत तिला बसावं लागलं.

"माझ्याच हातून निसटली," तिने सगळ्यांना सांगितलं होतं. त्यालाही.

त्यानंतर टेबलावर ती नवंच बोलायला लागली. त्याने अंगठा टेकवला की म्हणायची, "हळू, पापा. दुखतंय." आणखी हलकं केलं तरी, "दुखतंय." मग थोड्याच वेळात, आता बरं वाटतंय असं म्हणून उठून जायची. गप्पा तर बंदच झाल्या.

एलिएसेरला कारण कळलं होतं, किंवा कळलं असं वाटलं होतं. त्याच्या उजव्या अंगठ्याला बरेच दिवस धड काही कळत नव्हतं. सांधा सुजायचा, ठणकायचा, आणि टोक बधिर. आपण किती दाबतोय ते त्याचं त्यालाच समजत नसे. सकाळी तो कढत गुळाच्या पाण्याचा पेला दोन्ही हातांत धरून बसून राही आणि यंदा थंडी फार आहे म्हणे. बायको चीजचे पाव विकायला हमरस्त्यावर गेली की भांड्यात गरम पाणी घेऊन हात बुडवून बसे. त्याने कुणाला काही सांगितलं नव्हतं. पण ज्या हातांनी उभ्या गावाचे पाय बरे केले, ते आता आपल्याच पोरीला दुखवतात, हे त्याच्या काळजाला लागलं होतं. पुढच्या महिन्यात मोठी शर्यत होती. तिला निरोगी पाय हवे होते. बापाची हौस नको होती.

"हं, आता बसली बघा," नोर्मा म्हणाली.

धुऊन कोरड्या केलेल्या मांडीवर दोन्ही पट्ट्या घट्ट चिकटल्या होत्या. तिने लहान खोक्यातल्या डब्या त्यांवर बसवल्या. यूरानीने खिशातून पेरूची वडी काढून कागद सोडला. सराव झाला की तिला भूक आवरत नसे.

"थकवा काढायला एवढंसं पुरतं," नोर्मा बटण दाबत म्हणाली. मांडीच्या कातडीखाली काहीतरी हलकेच थरथरलं. यूरानी वाकून बघायला लागली.

"मांजर झोपेत हलतं ना, तसं दिसतंय," ती म्हणाली आणि वडीचा तुकडा तोडला.

"याचा जोर कुठवर जातो तेही बघून ठेव. नाहीतर घरी भलतंच बटण दाबशील नि मला शिव्या घालशील. दुखलं की सांग."

नोर्मा बटण दाबत गेली. थरथर वाढली, मग मांडीचा गोळा वर उचलायला लागला, आवळून दगडासारखा व्हायचा आणि सुटायचा. एलिएसेर जवळ सरकला. यूरानी वडी चघळत आपल्याच मांडीकडे कौतुकाने पाहत होती.

"दुखतंय?" नोर्माने विचारलं.

"छे."

"इथे बहुतेक जण ओरडतात. संघातला तो उंच मुलगा, गिरणीवाल्यांचा, तो तर खुर्चीवरून उठला होता." तिने आणखी दाबलं. गोळा असा आवळला की पाय गुडघ्यातून ताठ झाला. "आता?"

"गंमत वाटतेय," यूरानी तोंडात वडी ठेवूनच म्हणाली. "अजून आहे का?"

"आता संपलं. याच्या पुढे नाही."

एलिएसेर मांडीकडे बघत नव्हता. तो तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. तिथे एक रेष हलली नव्हती. हीच पोरगी काल संध्याकाळी त्याचा अंगठा नुसता टेकला तर कळवळली होती.

यूरानीने मान वर केली. बापाची नजर तिच्यावरच होती. तिची चघळणारी दाढ थांबली.

"आई गं," ती म्हणाली. "दुखतंय. नोर्माताई, बंद करा, फार दुखतंय."

नोर्माने घाईने बटण दाबलं. गोळा सुटला, पाय सैल पडला. यूरानी मांडी चोळायला लागली, पण उशीर झाला होता आणि तिलाही ते कळलं होतं. उरलेली वडी तिने कागदात गुंडाळून खिशात ठेवली. एलिएसेरने उजवा हात रुआनाखाली घेतला आणि दुकानाच्या काचेबाहेर पाहत राहिला. बाहेर एक म्हातारी दुधाच्या किटल्या गाडीत चढवत होती. म्हणजे रोज दुखत होतं ते तिला नव्हतंच; त्याच्या अंगठ्याचं तिला ठाऊक होतं.

"मग मास्तर? चारवालं बांधू ना?"

"नको," तो म्हणाला. "दोनवालंच दे."

"अहो, एका वेळी एकच पाय होईल."

"होऊ दे. दुसरा मी बघतो."

यूरानी खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागली. ती बराच वेळ बांधत होती.

बसमध्ये दोघं शेजारी बसली, खोकं तिच्या मांडीवर. ती बाहेर बघत होती, तो समोर. घर येईपर्यंत दोघं एवढंच बोलली की पाऊस येईलसं दिसतंय, आणि आईने कपडे आत घेतले असतील का.

घरी आल्यावर तिने डावा पाय साबणाने धुऊन खसखसून पुसला. उजवा तसाच ठेवला. मग फळीवर पालथी पडली. डाव्या मांडीच्या मागच्या बाजूला पट्ट्या कुठे लावायच्या यावर दोघांचं थोडं वाजलं. कागदावरच्या चित्रात एक दाखवलं होतं, त्याला दुसरं पटत होतं. शेवटी चित्राप्रमाणे लावल्या, कारण ती म्हणाली की चित्रातला माणूस तरी निदान भांडत नाही. बटण दाबल्यावर डावी मांडी आपली आपण थरथरायला लागली.

"तुमचा नवा मदतनीस," उशीतून आवाज आला. "न बोलता काम करतो. शिका काही."

"पगार मागायला लागला की कळेल तुला."

त्याने बरणी उघडून मलम घेतलं, तळव्यांवर ऊन केलं आणि उजव्या पोटरीवर हात ठेवले. हात ठेवताच त्याला बरं वाटलं, अगदी घरी आल्यासारखं. सकाळी शेवटचं म्हणून ज्या पायाचा निरोप घेतला, तो पुन्हा हाताखाली होता. अंगठ्याला कळत नव्हतं, पण तळव्याला सगळं कळत होतं: कुठे गाठ आहे, कुठे ऊब आहे, घोट्याच्या वर लहानपणी पडलेली खूण कुठे आहे.

तो खालून वर गेला. गुडघ्यामागे जुन्या सवयीने अंगठा रोवला, जरा जोर दिला. सांध्यातून कळ कोपरापर्यंत गेली. त्याने ओठ आवळले. तिचं तोंड उशीत होतं, तिला काही दिसण्यासारखं नव्हतं. पण अंगठ्याचा जोर मधेच अडला.

"यूरानी."

"हं."

"ती बाटली. चढाच्या पायथ्याशी."

डाव्या मांडीचा गोळा आवळला, सुटला, पुन्हा आवळला. स्वयंपाकघरात बायकोने शेगडीवर गुळाचं पाणी चढवलं होतं, त्याचा वास आला.

"ती तुझ्या हातून नव्हती निसटली ना गं?"

उशीवर तिचं डोकं जरासं हललं. चेहरा तिने पलीकडे भिंतीकडे वळवला. अंगठा अजून तिथेच रोवलेला होता.

"हळू, पापा," ती म्हणाली. "दुखतंय."

त्याने अंगठा उचलला. मग नुसता तळवा तिच्या पोटरीवर पसरून ठेवला, त्याचा असेल तेवढाच भार, जास्त काही नाही.

"आता?" त्याने विचारलं.

"आता बरंय," ती म्हणाली. मग भिंतीकडे तोंड करूनच ती सांगायला लागली, की शर्यतीतल्या त्या गाडीत तिच्या शेजारी आणखी एक मुलगी बसली होती, ती सारा रस्ता रडत होती, आणि आपल्याला मात्र रडू येत नव्हतं. एलिएसेर हं म्हणाला, आणि तळवा तसाच ठेवून ऐकत राहिला.