पायलीवरची शीग

मी एक जुनी पायली आहे. शिवणीच्या लाकडाची, काठाला लोखंडी पट्टी. मोजणे हे माझे काम, आणि मोजणाऱ्याचा स्वभावच काळजीखोर. पण मित्रांनो, बासष्ट सालच्या त्या सकाळी माझा जीव जसा टांगणीला लागला, तसा कधीच लागला नव्हता.

दिग्रसजवळच्या तांड्यातला देवसिंग माझा मालक. तरुणपणी तो लदेणी करायचा, म्हणजे बैलांच्या पाठीवर मिठाच्या गोण्या लादून डोंगरातल्या कोलामपोडांवर, कोलाम आदिवासींच्या वस्त्यांवर, न्यायचा. एक पायली मीठ द्यायचे, एक पायली चारोळी घ्यायची. दोन्हीकडून शीग लावून, म्हणजे काठाच्या वर टोक येईपर्यंत भरून. ‘देवसिंगची पायली’ म्हणून पोडापोडावर माझे नाव होते. तेव्हा मी फार तोऱ्यात असे.

मग एक दुष्काळाचे साल आले. निम्मे बैल वाटेतच मेले, मीठ थोडेच उरले. पोडावरच्या लेतू आत्रामने नेहमीसारखी शीग लावून चारोळी दिली. देवसिंगने मीठ भरले आणि माझ्या काठावरून तळहात फिरवला. सपाट! पंच्याच्या टोकात मीठ बांधून लेतू निघून गेला. मला मात्र ते अजून खाते.

पुढे मोटारी आल्या, लदेणी संपली, देवसिंग शेती करू लागला. सरकारी किलो-लिटर आले आणि माझे उरलेसुरले कामही गेले. त्याची बायको मानीबाई माझ्यात कोंबडीची अंडी ठेवू लागली. चूल दोन हातांवर होती. जळण कमी पडले की माझी पाचावर धारण बसे.

अशात शाळेतले यज्ञेश्वर गुरुजी आले. त्यांनी कुठेसे वाचले होते, की अमेरिकेतले आदिवासी बीव्हर नावाच्या प्राण्याची कातडी देत आणि गोऱ्या व्यापाऱ्यांकडून घोंगड्या नि हंडे घेत.

“पण ती हकिकत बहुतेक व्यापाऱ्यांनीच लिहिली, देवसिंगबाबा. आपली आपण लिहू. ही पायली शाळेच्या कपाटात ठेवू, खाली चिठ्ठी लावू. काय लिहू?”

“लिहा, कोलामाले आमी शिगेबिगर मीठ कधी नाही देल्लं.”

गुरुजींनी लिहूनही घेतले. माझ्या काळजात धस्स झाले. अहो गुरुजी, तुम्हीही मीठ देणाऱ्यालाच विचारलेत की! चुलीतून वाचले, पण आता जन्मभर या खोट्या चिठ्ठीवर बसायचे? माझ्या लाकडावर शीग दिसत नाही आणि फिरवलेला तळहातही दिसत नाही. मी सांगू तरी कशी?

तेवढ्यात लेतू आला. दिग्रसच्या बाजाराला जाताना तो पाणी प्यायला थांबत असे. आता पार वाकला होता. गुरुजींनी त्याला चिठ्ठी वाचून दाखवली. “खरं का, लेतूबाबा?”

लेतूने मला ओळखले. माझ्या काठावरून हळूच बोट फिरवले. आता हा बोलणार, म्हणून मी अंग चोरून बसले.

“शीग होती,” तो म्हणाला. “देवसिंगभाऊ चांगला माणूस हाय, गुर्जी.”

देवसिंगची मान खाली गेली. मग तो म्हणाला, “मानी, मिठाचं मडकं आन.”

त्याने अंडी बाजूला काढली, मला मिठाने भरले, शीग लावली आणि वरून तळहात फिरवला. मीठ जमिनीवर सांडले.

“एका साली असं देल्लं, गुर्जी. यानं शीग लावली होती, म्या नाही लावली. ते खोडा अन् हे लिहा.”

“जाऊ दे नं,” लेतू म्हणाला, “कायले काढून राह्यला ते?”

“तू इसरला नाही, म्हणून.”

देवसिंगने दोन्ही हातांनी सांडलेले मीठ गोळा केले आणि माझ्यावर परत टोक चढवले. लेतूने पंचा पसरला.

आता मी शाळेच्या कपाटात आहे. चिठ्ठीवर दोन्ही गोष्टी आहेत. वाळवीची धास्ती वाटतेच, तेव्हा अधूनमधून मला पुसत जा. पण मित्रांनो, जुनी हकिकत लिहायला निघालात, तर देणाऱ्याच्या दारातून परत फिरू नका, पोडापर्यंत चालत जा. शीग माझ्यावर उरत नाही. ज्याला ती मिळाली नाही, त्यालाच ती आठवते.